पांढरा शर्ट

"चेंडूचा रंग कुठला, सांग बरं?" शाळेच्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. टेबलावर लाल चेंडू, लाकडी ठोकळे आणि चित्रांचं पुस्तक मांडलं होतं. चार वर्षांची बिट्टी हात पाठीमागे बांधून टकामका बघत होती.

"हातात घे की, बाळा."

बिट्टीने मान हलवली. बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि त्या बिट्टीच्या आईकडे वळल्या. "घरी काही शिकवत नाही का हो हिला? बोलत नाही, हात लावत नाही. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू."

इस्त्रीवाल्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवलं नाही कसं? रांगायला लागल्यापासून तेवढंच तर शिकवलं होतं. एक खोली, आणि तीत चहूकडे गिऱ्हाइकांचे कपडे. एक बोट उमटलं की गिऱ्हाईक तुटलं. 'हात मागे' म्हटलं की पोर हात मागे घ्यायची आणि नवरा चारचौघांत मिरवायचा, "आमची बिट्टी कश्शाला हात लावत नाही." तीही तेव्हा फुशारून जायची. आता स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. आणि बोलायचं म्हणाल तर दिवसाला साठ कपड्यांना इस्त्री करणारी बाई बोलणार कधी? नवरा म्हणायचा, "एवढ्याशा पोरीशी काय बोलायचं? शाळेत गेली की शिकेल." आणि शाळा म्हणत होती, शिकवून आणा.

तिची नजर बाईंच्या पांढऱ्या शर्टावर गेली. त्या कॉलरची इस्त्री तिच्याच हातची होती.

"बाई, हा शर्ट काल दिवसभर आमच्या खाटेवर होता. डाग आहे का एखादा?"

"नाही. का हो?"

"ही त्याच्याशेजारी बसली होती. अशीच, हात बांधून."

बाई ओशाळल्या. पण कागदावरचं त्यांनी काही खोडलं नाही.

घरी येताच तिने गठ्ठ्यातली सगळ्यात पांढरी चादर ओढून खाटेवर पसरली.

"डोकं फिरलं का तुझं? लोकांची आहे ती," नवरा म्हणाला.

"असू दे. बिट्टी, लाव हात."

"डाग पडेल," बिट्टी म्हणाली. चांगलं स्वच्छ, पूर्ण वाक्य.

"पडू दे."

तिने लेकीचे दोन्ही हात धरून चादरीवर टेकवले आणि क्षणभर तसेच दाबून धरले. सोडल्याबरोबर ते आपसूक पाठीमागे गेले.