मावशीच्या खोलीतली जादा खाट

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची खाट. लोखंडी नळ्या आणि पांढरी नवार, एवढाच माझा संसार. बालगृहात मला आणलं तेव्हा सगळ्या मुलींना पलंग होते, म्हणून मी जादाची ठरले. पण मुलींना सांभाळणाऱ्या मावशीने मला स्वतःच्या खोलीत ठेवलं. नवी मुलगी आली की रुळेपर्यंत ती माझ्यावर, मावशीच्या शेजारी झोपायची.

भिंगरीही तशीच आली. एका जागी ठरत नसे म्हणून मावशीनेच तिला हे नाव ठेवलं. आधी तिला पुन्हा पुन्हा इकडून तिकडे हलवलं होतं, त्यामुळे ती पिशवी उघडेना, पायांतले बूटही काढेना. मावशीने बळजबरी केली नाही. ती शेजारी बसून उसवलेले फ्रॉक शिवायची आणि इकडचं तिकडचं बोलत राहायची. एका दुपारी भिंगरी बूट काढून माझ्यावर खुशाल पालथी पसरली. मावशीने ते बूट उचलून आपल्या चपलांशेजारी ठेवले. त्या दिवशी मला धन्य वाटलं.

अठरा पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे भिंगरी गेली. पुढे खोलीत दिवाण आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. नवार सैल पडली, नळ्यांना गंज चढला. नव्या अधीक्षकांनी मला भंगारात काढायचं ठरवलं.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. भिंगरीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. घरचं कोण, असं विचारल्यावर तिने मावशीचं नाव सांगितलं होतं. मावशी तिला घेऊन आली. अधीक्षक काही वाईट नव्हते, पण मोठ्या मुलींना इथे राहता येत नाही, असं त्यांनी पायरीवरच सांगितलं. भिंगरी ओशाळून मागे वळली. मावशीने तिचा हात सोडला नाही.

"साहेब, जायचं वय नियमाने ठरवलंय," ती म्हणाली. "यायचं नाही ठरवलेलं."

अधीक्षक दारातून बाजूला झाले. मग परवानगीचं मी वर बोलतो म्हणाले, आणि बाह्या सरसावून त्यांनीच मला अडगळीतून ओढून काढलं. मुलींनी मला पुसलं, नवार आवळली. भिंगरी टेकली तशी मी करकरले, पण धरून राहिले.

दिवाणावरच्या नव्या मुलीने विचारलं, "ही कोण?"

"तुझी ताई. माहेरी आलीये," मावशी म्हणाली.

भिंगरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझी नवार ओली झाली.

आता इथून गेलेल्या मुलींपैकी कोणी नोकरी सुटली म्हणून येते, कोणी उगाचच. मित्रांनो, माणूस मोठं होऊन लांब गेलं म्हणून घरातली त्याची जागा मोडीत काढू नका. ती झाडूनपुसून ठेवा. येत्या सुट्टीत चौघी यायच्या आहेत म्हणे. मी एकटी कुणाकुणाला पुरणार? मावशीने अधीक्षकांना दुसरी खाट आणायला पिटाळलंय.