येर्कोची निळी खुंटी

मी एक जुना फळा आहे, मोडीत काढलेल्या होडीच्या लाकडाचा. माझी सद्दी संपली असं समजू नका.

मित्रांनो, दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर समुद्रातच दोर बांधून वॉटरपोलो खेळतात. त्या स्पर्धेचं वेळापत्रक आमच्या गावचा येर्को माझ्यावर लावायचा. आडव्या ओळी शनिवारांच्या, उभ्या यजमान संघांच्या, आणि भोकातल्या खुंटीचा रंग पाहुण्यांचा. आधी कसंतरी मांडायचं, दोष खडूने मोजायचे (एकाच दिवशी एका संघाचे दोन सामने, किंवा बोट नसताना बेटावरच्यांचा सामना), मग खुंट्यांची अदलाबदल करायची. दोष घटले तर ठेवायचं, वाढले तर माघार. अगदीच अडलं, की तो मुद्दाम एखादी चांगली बसलेली खुंटी उपटायचा. "खड्ड्यात उतरल्याशिवाय पलीकडची टेकडी चढता येत नाही," म्हणायचा. एकोणतीस उन्हाळे लोकांनी माझं कौतुक केलं.

या हिवाळ्यात येर्को गेला. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. त्यात त्रस्तिक बेटाच्या बोटी कमी झाल्या आणि चिटणीस लुकशाने सभेत सांगून टाकलं, "यंदा त्रस्तिकच्या संघाला वगळू. नाहीतर जमायचं नाही."

येर्कोची मुलगी झोर्का मला काखोटीला मारून तिथे आली. "काका, तासभर द्या."

"अगं, तुझ्या बापालाही जमलं नसतं!"

"मग बसा बघत."

ती खुंट्या बदलत गेली. दोष अकरावरून तीनवर आले आणि तिथेच अडले. लुकशा हसला. "तीन म्हणजे तीन. चल पोरी, मासे गार होतायत."

झोर्काने संत रोकोच्या जत्रेच्या शनिवारची निळी खुंटी धरली. त्या दिवशी दरवर्षी येर्कोचा संघ शेजारच्या गावाशी खेळे. ती खुंटी त्याने कधीच हलवली नव्हती. खाऱ्या हवेने ती फुगून बसली होती.

"ती नको गं! ती येर्कोची!"

"म्हणूनच तिथे कुणी शोधलं नाही, काका. जत्रेला जादा बोट सुटते, आणि आपण खेळतो कुणाशी? चालत येणाऱ्यांशी!"

तिने पक्कड लावली. क्षणभर हात थांबला, मग तिने ओढलं. मलाही दुखलं. दोष नऊ झाले. कुणीतरी खिदळलं. तिने त्रस्तिकची पिवळी खुंटी तिथे ठोकली आणि पुढे बदलत राहिली. पाच. दोन. शून्य.

लुकशाने बोट ठेवून तीनदा मोजलं. चूक सापडेना.

"लिहून घ्या, काका," झोर्का म्हणाली. "त्रस्तिक खेळणार."

मित्रांनो, मला जपायचं तर काचेआड टांगू नका. खुंट्या उपटा, भोकं झिजू द्या. आणि 'जमत नाही' म्हणून कुणाला वगळायला निघालात, तर आधी माझ्यासमोर बसा आणि जमत नाही ते मला दाखवा.