दोन किलो आठशेचा भाऊ

मुलांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही सात वर्षांचे आहात आणि एका बंद दारावर बुटाच्या टोकाने लाथा मारताय. लाथा मारणं वाईटच. पण आजच्यापुरत्या मारू या, कारण दारापलीकडे आई आहे आणि आत कुणी सोडत नाहीये.

लाथा मारणाऱ्या मुलीला घरी टिटवी म्हणत. काही बिनसलं की तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. आज भर दुपारी तो दवाखान्याच्या अख्ख्या मजल्यावर घुमत होता.

"अगं, गप्प बस! लोक बघताहेत," आत्याने तिचा दंड धरला.

"मला बाळ बघायचंय."

"बाळबीळ काही नाही. झालंच नाही असं समजायचं."

"मग आईच्या पोटात होतं ते कुठे गेलं?"

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा बाकावर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते.

दार उघडलं. प्रसूती विभागाची थोरली सिस्टर बाहेर आली आणि टिटवीसमोर उकिडवी बसली. तिचे गुडघे कटकन वाजले.

"दार माझं, पाय तुझा. लागतंय दोघांनाही. काय हवंय?"

"ही खोटं बोलते. सकाळी म्हणाली, बाळ झोपलंय. आता म्हणते, झालंच नाही."

"झालं," सिस्टर म्हणाली. "सव्वानऊला झालं. मुलगा. पण पोटातच त्याचं हृदय थांबलं होतं. तो मेलाय, बाळा. झोपलेला नाही. झोपलेली माणसं उठतात."

"अहो सिस्टर! लेकरापुढे असं बोलतात का?"

"लेकरूच विचारतंय, म्हणून बोलतेय."

टिटवीने बूट जमिनीवर घासला. बराच वेळ घासला.

"मी आईच्या मांडीवर उडी मारली होती. रविवारी. म्हणून?"

बाबांच्या हातातलं झाकण थांबलं.

"नाही," सिस्टर म्हणाली. "उडीने नाही, रागाने नाही, तुझ्या कशानेच नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर डॉक्टरांना बोलावते, त्यांनाच विचार."

टिटवीने सिस्टरकडे नीट निरखून पाहिलं, आणि मग मान हलवली. डॉक्टर नकोत.

आत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सिस्टर खाटेच्या त्या बाजूला गेली, म्हणजे भिंत आणि आई यांच्या मधल्या वीतभर जागेत शिरली.

"बघायचंय का गं तुला त्याला?"

"सगळे म्हणतात, बघू नको. विसरणं सोपं जाईल."

"सगळे काय म्हणतात ते नाही विचारलं मी."

चादरीखालून आईचा हात बाहेर आला आणि तळवा वर करून तसाच राहिला.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी सिस्टरने असंच एक बाळ, नियमाप्रमाणे, घाईघाईने गुंडाळून नेलं होतं. चार वर्षांनी त्याची आई तिला बाजारात भेटली आणि तिने विचारलं, 'कुणासारखं दिसत होतं हो?' सिस्टरने तेव्हा पाहिलंच नव्हतं. त्या दिवसापासून ती पाहते.

तिने पाणी कोमट केलं, बाळाला आंघोळ घातली, इतर बाळांच्याच काट्यावर त्याचं वजन केलं आणि कागदावर लिहिलं. मागे मेट्रनबाई येऊन उभ्या राहिल्या.

"बारा वर्षांखालच्या मुलांना आत सोडायचं नाही. पाटी वाचता येते ना?"

"पंचवीस वर्षं वाचतेय."

"आणि ती बाई रडायला लागली तर?"

"रडू दे की. हसायला आलीय का ती इथे?"

"वर कळवावं लागेल मला."

"कळवा. माझं नाव ठळक लिहा," सिस्टर म्हणाली आणि टॉवेलची घडी उलगडून बाळाचं डोकं पुसायला लागली.

खाटेभोवती पडदा ओढल्यावर ती पुन्हा बाहेर आली.

"ऐक. तो हाताला गार लागेल. ओठ जांभळे आहेत. डोळे उघडणार नाही. यायचंय? आत येऊन नको वाटलं तर लगेच परत फिरायचं, कुणी काही म्हणणार नाही."

"यायचंय."

बाळ आईच्या कुशीत होतं. आई त्याच्या पायाची बोटं एकेक करून मोजत होती. टिटवी चवड्यांवर उभी राहिली.

"याचे कान बाबांसारखेच आहेत. सुपाएवढे."

बाबा हसले. ते हसू मध्येच वाकडं झालं आणि ते खाटेच्या कडेवर बसले. आई रडली, मोठ्याने, आणि पडद्यापलीकडून कुणीही तक्रार केली नाही.

आत्या पडद्याची कड धरून उभी होती. ना आत, ना बाहेर.

"वजन किती भरलं?" तिने हळूच विचारलं.

"दोन किलो आठशे."

"चांगलं भरलं की," आत्या म्हणाली आणि तिने तोंडावर हात दाबला.

तासाभराने आईनेच बाळ बाबांच्या हातात दिलं. खाली बाळाला न्यायला गाडी आली होती. कक्षसेवक झाकणाची ढकलगाडी घेऊन आला, पण बाबांनी ती नको म्हटली.

"बरं, घ्या हातात," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण मागच्या लिफ्टने. पुढे लोक बसलेत."

"मागच्या लिफ्टने काय जातं?" टिटवीने सेवकाला विचारलं.

तो बिचारा खरं बोलून गेला. "धुण्याचे गठ्ठे. आणि कचरा."

सिस्टरने तोंड उघडलं, पण टिटवी तोवर पुढच्या बाजूला वळलीसुद्धा होती. लांब व्हरांड्यात दोन्ही बाजूंच्या बाकांवर माणसं ऐसपैस बसली होती. फुलं, पिशव्या, मोबाइल, आणि वाटेत पसरलेले पाय. ती पहिल्या बाकापाशी थांबली. आवाज तिने जराही चढवला नाही.

"पाय घ्या आत. माझा भाऊ येतोय."

बाकावरच्या माणसाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे बाळाला घेऊन उभ्या असलेल्या बाबांकडे, आणि पाय आवरले.

टिटवी पुढच्या बाकापाशी गेली.