तोकड्या पायऱ्यांची बाग

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी त्यांना स्वारी म्हणते. स्वारी सरकारी दप्तरात कारकून. अक्षर मोत्यासारखं, हिशोब चोख, आणि चूक कबूल करायची वेळ आली की तडक स्नानाला निघून जायची सवय. आमच्याकडे पंचा कायम ओलाच असायचा.

सदाशिव पेठेत आमचं नवं घर होत आलं होतं, तेव्हाची ही हकीकत. पुढच्या दाराच्या पायऱ्यांसाठी सोनबा गवंड्याने दोन्ही बाजूंना भिंती उभ्या केल्या आणि मधे तीन-तीन हातांचे सात दगड लागतील म्हणून सांगितलं. स्वारीने ते लिहून घेतलं, स्वतः खाणीवर गेली आणि पाथरवटाला स्वतःच्या हाताने मोजून दिले. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सोनबा ताडमाड उंच, आणि आमची स्वारी उभी आहे की बसली आहे हे लांबून बघणाऱ्याला विचारावं लागतं. दगड आले, बसवले, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला मांजर जाईल एवढी फट राहिली. मांजर त्याच दुपारी गेलं.

स्वारी स्नान करून आली आणि सोनबावरच ओरडली. मग दौत-लेखणी मागवून कागद लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला आणि कामावरच्या मांडवाच्या खांबाला चिकटवला. "यापुढे या घराच्या कामात हात म्हणजे सोनबाचा हात. दुसऱ्या कोणाच्याही हाताने मोजलेलं चालणार नाही." एवढ्या मोठ्याने वाचला, की पुढच्या आळीतल्या सुतारांनाही तो पाठ झाला.

पुढच्या दाराला नव्या पायऱ्या बसल्या. जुन्या सात जाऊन पडल्या घरामागच्या परसात. तिथे आधीच फुटक्या विटांचा डोंगर होता, गाडी उलटून फुटलेली कौलं होती, हौदाकडे पाणी नेताना तडकलेले खापराचे नळ होते, चुन्याची ढेकळं होती. एरवी चार खेपांत सगळं नदीकाठी गेलं असतं, पण फौज मोहिमेवर निघालेली आणि शहरातली झाडून सगळी गाडीबैलं तिच्यामागे गेलेली. वास्तुशांती अक्षय्य तृतीयेची, म्हणजे पंधरा दिवसांवर.

आता माझं दुखणं सांगते. बारा वर्षं आम्ही कसब्यात दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. तिथे अंगण नव्हतं. देवाला फुलं मी शेजारणीकडून आणायची. ती द्यायची, नाही असं नाही, पण मोजून द्यायची. पाच म्हणजे पाच. आणि देताना रोज म्हणायची, "तुमचे देव बाई फार." मला माझी फुलं हवी होती. घराच्या बाकी थाटाचं मला फारसं कौतुक नव्हतं.

स्वारीला मात्र परसात पागा हवी होती. दप्तरातल्या एका मित्राने घोडी घेतली होती. आमची स्वारी जन्मात बैलगाडीहून उंच कशावर बसलेली नाही, पण हौसेला मोल नाही.

"राडारोडा हलवायला गाडी नाही," स्वारी म्हणाली. "तोच चोपून सपाट करू आणि वर पागा घालू. फुटक्यातुटक्यावर बाग कुठे होते?"

"मी सगळा बागेतच जिरवला तर?" मी विचारलं.

स्वारी हसली. परस सगळं मिळून लांबीला बत्तीस हात, हे तिनेच पूर्वी मोजलेलं. घोडीला बारा पुरे. म्हणून मोठ्या उदारपणे म्हणाली, "वीस हात तुझे. पण वास्तुशांतीच्या सकाळी एक जरी तुकडा वापराविना पडलेला दिसला, तर सगळ्यावर पागा."

स्वारी दप्तरात गेल्यावर मी सोनबाला दोरी लावायला सांगितलं. त्याने ढोपर टेकलं आणि वीस हात मोजले. आपल्या हाताने मोजले, कारण घराचा हुकूम तसाच होता. तिसरी खुंटी ठोकताना माझ्या ध्यानात आलं, की दोरी माझ्या अंदाजापेक्षा बरीच पुढे चालली आहे. मी सोनबाकडे पाहिलं, सोनबाने खांबावरच्या कागदाकडे पाहिलं. मी गप्प बसले. खोटं बोलणं हे पाप. गप्प बसल्याशिवाय संसार होत नाही.

सोनबाची बायको मैना माळवं, म्हणजे भाजीपाला, करणाऱ्यांतली. तिने पदर खोचला आणि त्या डोंगराकडे अशा नजरेने पाहिलं, की मला एकदम धीर आला. विटांच्या तुकड्यांची पाऊलवाट झाली. वाटेखाली चुन्याची ढेकळं गेली, कारण चुना मोगऱ्याच्या मुळाशी गेला तर पानं पिवळी पडतात म्हणे. कौलं उभी रोवून वाफ्यांना कडा केल्या. खापराचे नळ उभे पुरले, त्यांत माती भरली आणि जाई-जुईच्या फांद्या लावल्या. फुटकं घरात ठेवू नये, असं स्वारीने मधेच येऊन बजावलं. मैना मान वर न करता म्हणाली, "घरात नगंच ठिवू. मातीत ठिवलंय. माती कुनाला नाव ठिवत न्हाई."

आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं जिरलं. राहिल्या त्या सात पायऱ्या. बाकासारख्या मांडाव्यात तर वाफे जातात, पुराव्यात तर तेवढा खड्डा कोण खणणार? स्वारी त्यांच्याभोवती फिरून गेली, आणि जाताना चक्क गुणगुणली. मला रडू आलं. लपवत नाही, वाटेवर बसून मी रडले. बारा वर्षांची ती पाच-पाच फुलं डोळ्यांपुढे आली.

मैना मागच्या दारातून पाणी घेऊन निघाली होती. तिथे जोतं उंच आणि पायऱ्या नाहीत, त्यामुळे बांबूची शिडी लावलेली. ती शिडीवर डगमगली, घागर कलंडली, आणि तिने शिडीला, घराला आणि नवऱ्याला एका दमात शिव्या घातल्या. सोनबा ते ऐकत दाराकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, जोतं तेच की. उंची बी तीच. म्हंजे पायऱ्या सातच लागत्यात."

आणि मागच्या दाराला बाजूच्या भिंती नव्हत्या. भिंतीच नाहीत तर फट कुठली? पायरी तोकडी आहे हे कोणी म्हणायचं? बैल नव्हते म्हणून आठ गडी लागले. दिवेलागणीला सातवी पायरी बसली.

सकाळी स्वारी स्नान करून, मुकटा नेसून परसात आली. सोबत घोडीवाला मित्रही होता. एक तुकडा मोकळा सापडेना. स्वारी दोरीपलीकडे गेली, ओणवी झाली आणि उरलेली जागा स्वतःच्या हाताने मोजू लागली. सात भरले. पुन्हा मोजले. सातच.

मित्र म्हणाला, "घोडी मावेल, पंत. तिचा चारा मात्र आपल्याला माजघरात ठेवावा लागेल."

"मी वीस हात सांगितले होते," स्वारी गरजली.

"ईसच हायेत जी," सोनबा लांबून अदबीने म्हणाला. "माज्या हातानं. कागूद हाय खांबावर."

स्वारीने कागदाकडे पाहिलं. अक्षर मोत्यासारखं, स्वतःचंच. सवयीने पाय हौदाकडे वळले, पण स्नान तर आत्ताच झालं होतं. जायला जागाच उरली नाही. स्वारी सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"सोनबा," स्वारी शेवटी म्हणाली, "त्या पायऱ्यांची चूक माझी होती."

बारा वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं. त्या घटकेला मला स्वारीचा इतका लोभ वाटला, की घोडी आणून दिली असती तर ती मी माजघरातसुद्धा बांधून घेतली असती. पण हे बोलले नाही. बोललेलं लगेच अमलात येतं, हे मी त्या पंधरवड्यात शिकले होते.

मैनाने मुळांच्या गड्ड्यासकट आणून लावलेला मोगरा त्या सकाळी फुलला होता. मी परडी भरली, देवाला फुलं वाहिली, आणि ओंजळभर कसब्यातल्या त्या शेजारणीला पाठवून दिली. किती होती, ते मी मोजलं नाही.