झूराकानचे घर आणि मी, तिचा तापचान

मित्रांनो, उन्हाळ्यात ओश शहरातल्या कुठल्याही अंगणात डोकावलात, तर माझा एखादा भाऊबंद तुम्हाला दिसेल. मी एक जुना तापचान आहे. चार खाटा मावतील एवढी लाकडी बैठक, तीन बाजूंना बुटका कठडा, मधोमध चहाचे ठेंगणे मेज. माझ्यावर माणसे जेवतात, भांडतात, कलिंगड कापतात आणि तिथेच झोपी जातात.

मी तुतीच्या लाकडाचा. झूराकानने एका सुताराच्या घरचे सगळे पडदे शिवले, त्याच्या बदल्यात त्याने मला घडवले. तेव्हा ती दोन मुलांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होती.

"ठेवणार कुठं एवढा?" सुताराने विचारले.

"तू दे तर आधी. अंगण मी बघते."

पुढे कितीतरी दिवस मी जिन्याखाली उभा होतो. लोक अंगणाच्या मापाने तापचान करून घेतात. झूराकानने माझ्या मापाने अंगण शोधले. अंगणाला घर चिकटलेले होते आणि घराला बँकेचे कर्ज.

काय सुखाचे दिवस होते ते! माझ्यावर बसून ती शिवायची. तिच्या टाचण्या माझ्या फटींत पडायच्या आणि उघड्या पायांनी नाचणाऱ्या मुलांना टोचायच्या. दर शरद ऋतूत ती लोहचुंबकाने फटी साफ करायची, सापडलेल्या टाचण्या कॉलरमध्ये खोचायची आणि मला जवसाचे तेल चोळायची. एका वर्षी ती आजारी पडली, मला झाकायचे राहून गेले आणि बर्फाने माझी एक फळी चिरली. पण मी तक्रार केली नाही.

वसंतात मात्र ती चिडायची. बँकेत विम्याचे पैसे भरून आली की माझ्यावर धपकन बसायची.

"धडधाकट बाईनं आपल्याच मरणाचे पैसे भरायचे, खाला!"

शेजारच्या मुकद्दस खाला चहा ओतत म्हणायच्या, "मग मर एकदाची आणि वसूल कर." आणि दोघी कप हिंदकळेपर्यंत हसायच्या.

जर्दाळू फुलला होता तेव्हा झूराकान गेली. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. अंगण माणसांनी भरले. शेवटच्या नमाजाआधी इथल्या रीतीप्रमाणे तिचा मुलगा मेलिस सगळ्यांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या आईकडे कुणाचं काही देणं असेल, तर त्यांनी माझ्याकडे यावं. ते आता माझं देणं."

दुसऱ्या दिवशी मुकद्दस खाला आल्या. "बाळा, देणं नव्हे, पण माझी कढई तुमच्याकडे आहे. सगळ्यांसमोर कढई कशी मागू?" आयसालकिन, झूराकानची लेक, त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

पण बँक त्या दिवशी अंगणात नव्हती. आई गेल्याचे कळले तर बँक घर ओढून नेईल, अशी मेलिसला भीती. म्हणून तो गुपचूप आईच्याच नावाने हप्ता भरू लागला. त्याची टॅक्सी दिवसरात्र पळू लागली. तरी पुरेना, तेव्हा त्याने एका चायखान्याच्या मालकाला बोलावले. मालकाने माझ्या फळ्या ठोकल्या, चिरलेल्या फळीवर बोट ठेवले आणि पडेल भाव सांगितला. मित्रांनो, मला विम्याची गोष्ट ठाऊक होती. पण लाकडाला फक्त करकरता येते. मी करकरलो. मालकाने भाव आणखी उतरवला.

तेवढ्यात आयसालकिन बाहेर आली. "चाळिसाव्या दिवसाआधी आईची जागा हलवायची नाही," तिने मालकाला सांगितले. तो गेल्यावर ती भावाकडे वळली. "मेलिस, लोकांसमोर काय म्हणालास?"

"ताई, ते माणसांसाठी होतं. बँक काय माणूस आहे?"

"ज्याचं देणं असेल त्यानं यावं, असं म्हणालास. माणसानंच यावं, असं नाही. आईच्या नावानं शब्द दिलास आणि ज्याचं देणं त्याच्यापासूनच लपून बसलास."

"आणि घर गेलं तर?"

"गेलं तर जाईल. आईला खोटं पाडून त्यात राहायचं नाही."

सकाळी ती मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत गेली. मेलिस माझ्यावर बसून राहिला, त्याचा चहा गार झाला. ती परतली तेव्हा तिच्या काखेत गरम नान होते आणि डोळे लाल.

"आधी का नाही आलात म्हणून रागावली ती बाई," ती म्हणाली. "कर्जासोबत आईचा विमा होता. त्यांनी तपासून मंजूर केला की उरलेलं कर्ज विमेवालेच फेडतील. तू भरलेले हप्तेही परत मिळतील."

मेलिसने कठड्यावर डोके टेकले. कुंपणापलीकडून मुकद्दस खालांचा आवाज आला. "कसला विमा? तो दर वसंतातला?" मग त्या आल्या, माझ्या कडेला बसल्या, आणि हसता हसता डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत म्हणाल्या, "वसूल केलंस गं, झूरा."

मंजुरी आली तेव्हा बाजारात खरबुजे आली होती. अख्खी गल्ली माझ्यावर बसली. मी करकरलो, पण या वेळी आनंदाने.

मित्रांनो, घरातले माणूस गेले की घाबरून दार लावून बसू नका. ज्याचे देणे असेल त्याला आधी जाऊन सांगा. आपल्या माणसाने आपल्यासाठी काय करून ठेवले आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही. आणि पहिल्या बर्फाआधी आपापल्या तापचानला तेल लावा.

आयसालकिनने मला लावले. लोहचुंबक घेऊन फटी साफ केल्या आणि सापडलेल्या टाचण्या कॉलरमध्ये खोचल्या, अगदी आई खोचायची तशा. चिरलेल्या फळीत खोल अडकलेली एक टाचणी मात्र मी तिला दिली नाही. ती माझ्याकडे राहू दे.