चिठ्ठीत न निघालेला चौक

नगराध्यक्ष होण्याआधी बाईंचं अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं होतं. त्यामुळे कुणी "मला वाटतं" म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. सभागृहात तर सगळ्यांना सगळंच वाटायचं. गतिरोधकांवरून असंच रण माजलं. एक म्हणे त्यांनी अपघात थांबतात, दुसरा म्हणे नुसत्या पाठी मोडतात.

"भांडता कशाला?" बाई म्हणाल्या. "शाळांजवळच्या निम्म्या चौकांत घालू, निम्मे तसेच ठेवू आणि वर्षभर अपघात मोजू. कुठले चौक, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. म्हणजे वशिल्याला जागाच नको."

चिठ्ठ्या उचलायला त्यांनी भाचीला आणलं. भावाची ती एकुलती एक, सगळे तिला चिमणी म्हणत. आत्याच्या खुर्चीत ऐटीत बसून तिने एकेक चिठ्ठी काढली आणि शेवटी तोंड पाडलं.

"आत्या, आमचा चौक निघालाच नाही."

संध्याकाळी धाकटा भाऊ घरी आला.

"ताई, आमच्या वळणावर गाड्या कशा सुसाट येतात ते तू पाहिलंयस. एक चौक इकडचा तिकडे केलास तर काय बिघडतं?"

"सगळंच बिघडतं रे. तुझ्यासाठी बदलला की त्या मोजणीला काडीचा अर्थ उरत नाही."

"मोजणी तुझी आहे. पोर माझी आहे."

बाईंना राग आला. सख्खा भाऊही वशिलेबाजच निघाला, असं त्यांना वाटलं. या वाटण्याला मात्र त्यांनी पुरावा मागितला नाही.

वर्ष सरत आलं असताना त्याच वळणावर एका टेम्पोने चिमणीला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

सभागृहात आकडे मांडायची वेळ आली. एरवी बाईंच्या नावाने खडे फोडणारा विरोधी पुढारी त्या दिवशी जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, तो एक चौक वगळू या."

"वगळायचा नाही," बाई म्हणाल्या. "तिला मोजायचं."

गतिरोधकांनी अपघात कमी होतात, हे आता उघड होतं. उरलेल्या सगळ्या चौकांत ते घालायचा ठराव एकमताने झाला.

भावाच्या चौकात काम निघालं तेव्हा बाई जाऊन कडेला उभ्या राहिल्या. भाऊ फाटकापाशीच होता. जेवणाच्या सुट्टीआधीच कामगार घमेली आवरू लागले.

"झालं?" भावाने मुकादमाला विचारलं.

"झालं की साहेब. असं काय मोठं काम आहे?"

भाऊ बाईंकडे आला. तो शिव्या देईल असं त्यांना वाटलं, आणि त्या त्यांना हव्याच होत्या.

"तुझं बरोबर निघालं, ताई," तो म्हणाला. "आता आमच्याकडे येत जाऊ नकोस."

त्याने आत जाऊन दार लावून घेतलं. तेवढ्यात वळणावरून एक गाडी भरधाव आली, नव्या गतिरोधकापाशी गुमान हळू झाली आणि पुढे गेली. बाई तोंडावर हात दाबून भर रस्त्यात रडल्या.