वळणावर उठणारा हात

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा हात आहे. मोटारीला हात असतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण पूर्वी गाडी वळवायची असली की दाराच्या मागच्या फटीतून वीतभर लांबीचा एक हात बाहेर येई. त्यात पिवळा दिवा लागे. मागून येणाऱ्याला कळे, की गाडी या बाजूला वळणार. तो हात मी. माझ्या बुडाशी तारेचं वेटोळं आहे. त्यात वीज आली की मी उठतो, गेली की बसतो.

माझी गाडी दोन माणसांची, उघडी, बसकी आणि पळायला तेज होती. अकोल्यात लोक तिला बेडकी म्हणत. मालक वामनराव, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाचे, म्हणजे कारखान्याचे, धनी. त्यांना वेगाची फार हौस. पण वळण संपल्यावर खटका बंद करायला ते विसरत आणि मी तसाच बाहेर राही. एकदा एका सायकलवाल्याने मला वाकवलं. एकदा बैलगाडीवरच्या कापसाच्या गाठीला अडकून मी मोडता मोडता वाचलो.

१९५८ च्या चैत्रात त्यांनी बेडकी जठारपेठेत देवमन मिस्त्रीच्या दुकानात आणली. गाड्यांच्या विजेच्या कामात देवमनचं नाव होतं.

"मिस्त्री, हा हात आपोआप खाली बसला पाहिजे. अमरावतीले भाच्याचं लग्न आहे. तिथं लोकायनं पायलं पाहिजे."

"असं काम इकडं कोनं केलं नाई, मालक."

"मंग तुले जमत नाई का?"

"जमत नाई असं कोन म्हने?" देवमन म्हणाला.

त्याने स्टेअरिंगच्या दांड्यावर तांब्याची पट्टी बसवली. चाक सरळ झालं की पट्टीचा स्पर्श सुटावा, वीज जावी आणि मी खाली बसावं, असा त्याचा बेत. पण मी कधी अर्ध्या वळणातच बसे, कधी बसतच नसे. चालवणाऱ्याला आपल्या जागेवरून मी दिसत नाही. म्हणून पाहायला बाहेर कोणीतरी उभं राहावं लागे. त्या कामाला देवमनची बायको इंदूबाई होती.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत देवमन गाडी गोल फिरवी. मधोमध उन्हात इंदूबाई उभी राही. मी वेळेवर बसलो की ती आपला हात वर करी. चुकलो की हात खालीच. मग देवमन गाडी थांबवून स्टेअरिंगखाली डोकं घाली आणि पट्टी सरकवी.

इंदूबाईने सहा वर्षं वामनरावांच्याच जिनात काम केलं होतं. तिथली रुईची धूळ तिच्या छातीत बसली होती. चार पायऱ्या चढली तरी तिला धाप लागे. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती, आठ दिवसांच्या आत अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. ती चिठ्ठी देवमनने हत्यारांच्या पेटीत, पकडीखाली ठेवली होती.

"अजून एक डाव पाय," देवमन म्हणे.

"पायतो ना. इतके डाव त मी लग्नातबी तुमच्याकडं पायलं नसन."

"लग्नात तू मान खाली घालून होती. तुले काय दिसनार?"

ती हसे आणि हसता हसता खोकत राही.

समोर फुलं विकणारी सुंदराबाई हे रोज पाही. एक दिवस ती उठून आली. "देवमन, तिले सावलीत बसव. बाई हाय का सडकीवरचा खांब? अन् त्या चिठ्ठीचं काय झालं?"

"गाडी देल्ली की जातोच, मावशी."

"जाईन म्हनता म्हनता चैत सरला."

देवमन वाईट माणूस नव्हता. बायकोवर त्याचा जीव होता. पण इकडे कोणी केलं नाही असं काम आपल्या हातून होतंय, एवढंच तेव्हा त्याला दिसत होतं. आठ दिवसांचे अठरा झाले. पकडीखालच्या चिठ्ठीवर तेलाचा डाग पसरला.

अठराव्या दिवशी काम जमलं. पाच वेळा गाडी वळली, पाचही वेळा मी नेमका बसलो आणि पाचही वेळा इंदूबाईचा हात वर गेला. सहाव्या वेळीही मी नेमका बसलो. पण तिचा हात वर गेला नाही.

"बसला का नाई?" देवमन ओरडला. तिचा हात खालीच. त्याला वाटलं, पट्टी पुन्हा सरकली. त्याने रागाने स्टेअरिंगखाली डोकं घातलं आणि जो स्क्रू अगदी बरोबर होता तो पिळत बसला. चांगली पाच मिनिटं. डोकं वर काढलं तेव्हा इंदूबाई मातीत बसलेली होती. तिचा हात छातीवर होता.

त्याने तिला बेडकीतूनच अमरावतीला नेलं. वाटेत प्रत्येक वळणावर मी उठलो आणि वेळेवर बसलो. पाहायला कोणी नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवरची तारीख वाचली आणि देवमनकडे पाहिलं. अकराव्या दिवशी इंदूबाई गेली.

महिन्याने देवमनने पुन्हा दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या तारेला एक तार जोडली आणि स्टेअरिंगसमोर एक लहान तांबडा दिवा बसवला. मी उठलो की तो लागे, बसलो की विझे. आता बाहेर कोणी उभं राहायला नको होतं. या कामाला त्याला अर्धा तासही लागला नाही.

वामनराव दिव्याकडे पाहून खूश झाले. "मिस्त्री, काय डोकं चालवलं."

"उशिरा चाललं, मालक," देवमन म्हणाला.

पुढे लुकलुकणारे दिवे आले आणि मला काढून टाकण्यात आलं. देवमनने मला मागून घेतलं. आज १९६७ साल आहे. मी त्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. माझ्यावर धूळ आहे आणि माझा पिवळा रंग गेला आहे.

परवा त्याची मुलगी शालू कचेरीतून थेट दुकानात आली. तिला थोडी कणकण होती. देवमन एका ट्रकखाली पडून तारा जोडत होता. तो बाहेर आला, त्याने हात पुसले आणि फळ्या लावायला घेतल्या.

"अरे, अर्ध्या कामावर दुकान बंद करून राहिला?" ट्रकवाला चिडला.

"बाबा, साधी कणकण हाय," शालू म्हणाली.

"काम कुठी जात नाई," देवमन म्हणाला आणि तिला घेऊन दवाखान्याकडे गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. मी लोखंड आहे, मला चालतं. तुमच्या कामासाठी कोणी उन्हात उभं असेल, तर मधूनमधून मान वर करून त्याच्याकडे पाहत जा. आणि त्याचा हात वर उठला नाही, तर आधी स्क्रू तपासू नका.